पाच इंच आणि एक घडवंची

जुनी जीप उंच करण्याचे चार मार्ग आहेत आणि ते चारही मला माहीत होते. सगळा घोटाळा त्यामुळेच झाला. ज्याला एकच मार्ग माहीत असतो, तो मुकाट्याने त्या मार्गाने जातो आणि संध्याकाळी वेळेवर घरी जेवायला येतो.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. मी तेव्हा नाशिकमध्ये सातपूरच्या एका कारखान्यात तपासनीस होतो. म्हणजे दिवसभर सुटे भाग मोजायचे आणि केसभर जरी फरक निघाला, तरी त्या भागाच्या गळ्यात दोऱ्याने लाल चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर चार रकाने: भागाचे नाव, दोष, शेरा आणि तपासनिसाची सही. (शेऱ्यात दोनच पर्याय, 'भंगार' किंवा 'दुरुस्तीयोग्य'. मी बहुतेक वेळा भंगारवरच खूण करायचो. माझा तसा दराराच होता!) या चिठ्ठ्यांचा एक गठ्ठा कायम माझ्या खिशात असे. माझी बायको नंदा शर्ट धुवायला टाकण्याआधी तो गठ्ठा काढून फडताळात ठेवायची आणि म्हणायची, "घरात कुणाला बांधायची असली तर सांगा हं." मी मनापासून हसायचो.

तर ती जीप. लष्कराच्या कुठल्याशा लिलावातून निघून, तीन मालकांचे हात फिरून ती माझ्याकडे आली होती. फोर-व्हील! गिअरशेजारी आणखी एक दांडी होती, ती ओढली की चारही चाकं ओढायला लागत. निदान मागच्या मालकाने तसं सांगितलं होतं. मी त्या जीपवर भयंकर प्रेम करत होतो. आमच्या सिडकोतल्या गल्लीत इतरांकडे स्कूटरी होत्या, आणि माझ्याकडे चारही चाकांनी ओढणारं वाहन होतं. ते रोज गल्लीतून भाजीबाजारापर्यंत ओढायचं.

या जीपची खरी परीक्षा होती ती आमच्या कुलदेवीच्या रस्त्यावर. आमची देवी पेठच्या बाजूला, एका आडवळणाच्या डोंगरावर आहे. शेवटचे दोन किलोमीटर नुसती बैलगाडीची वाट. चाकोऱ्या खोल आणि मध्ये एका ठिकाणी खडकाचा असा उंचवटा, की जीप त्यावर गेली की पोटावर टेकायची. लग्नानंतर देवीला गेलो तेव्हा हेच झालं. मी ऐटीत ती दांडी ओढली, आणि चारही चाकं जागच्या जागी गरागरा फिरली. आईचे गुडघे तेव्हाच गेलेले होते. दोन किलोमीटर चढ चालणं तिला शक्य नव्हतं. ती जीपमधूनच डोंगराकडे तोंड करून म्हणाली, "देवी, मी इथूनच हात जोडते गं. माझ्या मुलाची गाडी आहे ही." ते वाक्य मला फार लागलं.

पुढे आम्हाला मुलगी झाली. मुक्ता. ती नऊ महिन्यांची झाल्यावर आईने जाहीर केलं, "अकराव्या महिन्यात देवीपुढे जावळ काढायचं." आमच्याकडे जावळ मामाच्या मांडीवर बसवून काढतात आणि ते केस आत्या पदरात झेलते. मला बहीण नाही. त्यामुळे पदर आईचाच, हे आईने ठरवून टाकलेलं होतं.

"आई, तिसऱ्या वर्षी काढू की," मी म्हणालो. "तोवर रस्ता होईल."

"काढा ना. पण मी तोवर असेन, अशी चिठ्ठी मला कुणी बांधलेली नाही. आणि एक सांगून ठेवते, या वेळी मी खालून हात जोडणार नाही."

म्हणजे माझ्या हातात दोन महिने होते. दोन महिन्यांत आईला जीपमधून थेट देवीपर्यंत न्यायचं, आणि त्यासाठी जीपचं पोट त्या खडकाच्या वर न्यायचं. मी वही काढली.

चार मार्ग असे. जुन्या जीपचं सगळं अंग कमानींवर तोललेलं असतं. कमान म्हणजे लोखंडी पाट्यांची चळत, एकाखाली एक, चाकांच्या दांड्याला बांधलेली. पहिला मार्ग, कमान जिला लटकते त्या कड्या लांब करायच्या. दुसरा, चळतीत एखादा पाटा वाढवायचा आणि टायर जरा मोठे घ्यायचे. तिसरा, कमान आणि दांडा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालायचे. आणि चौथा... चौथा मला रविवार कारंजाजवळच्या रद्दीवाल्याकडे मिळालेल्या एका परदेशी मासिकात सापडला. जीपची कमान दांड्याच्या खालून जाते ना? ती तिथून काढायची आणि दांड्याच्या वर बसवायची. बस्स! तीच कमान, तोच दांडा, आणि जीप एकदम पाच इंच उंच!

मी हे घरच्यांना रात्रीच्या जेवणाआधी प्रयोगासह समजावलं. लाटणं म्हणजे दांडा. वाकवलेला पुठ्ठा म्हणजे कमान. त्यावर पोळपाट ठेवला, ती जीप.

"आता बघा. पुठ्ठा लाटण्याच्या खाली. पोळपाट किती उंच? एवढा. आता पुठ्ठा लाटण्याच्या वर. पोळपाट किती उंच झाला?"

"अहो, पोळ्या व्हायच्यात," नंदा म्हणाली. "ते लाटणं द्या."

"अगं पण फुकटात उंची मिळतेय!"

"ती ठेवा तुम्ही. मला लाटणं द्या."

त्या दिवशी नंदाचा भाऊ सुभाष आलेला होता, म्हणजे मुक्ताचा मामा. तो दिंडोरीला द्राक्षबाग करतो. माणूस कमी बोलतो आणि बोलतो तेव्हा बागेतल्या फवारणीविषयी बोलतो. तो माझा पोळपाट बराच वेळ बघत होता.

"दाजी," तो म्हणाला, "यक विचारू का? तो खडक केवढा हाय?"

"असेल दीड फूट उंच. का?"

"मग खडकच फोडू ना! पहार आन् घण घेऊन जातो. लय तर अर्ध्या दिवसाचं काम हाय."

मी कीव आल्यासारखा हसलो. (हे हसणं मला पुढे कित्येक वर्षं आठवत राहिलं.) "सुभाष, खडक फोडणं हा उपाय नाही. उद्या दुसरा खडक येईल. आपण मूळ प्रश्न सोडवतोय."

"बरं," सुभाष म्हणाला आणि जेवायला बसला.

दुसऱ्या रविवारी मी वही घेऊन द्वारका चौकाजवळ रशीदचाचांकडे गेलो. चाचा मूळचे मालेगावचे. तिथे सगळे भाऊ मागावर बसले, हे एकटे लोखंडात आले. नाशकात चाळीस वर्षं ट्रकच्या कमानी करत होते. पाटा तापवून हातोड्याने वाक द्यायचा आणि नुसत्या डोळ्यांनी मापायचा. त्यांच्याकडे फूटपट्टीसुद्धा नव्हती, आणि मला ते पाहूनच अंगावर काटा आला.

चाचांनी जीपखाली वाकून पाहिलं. हात पुसले.

"पाटे थकले आहेत साहेब. भट्टीत टाकतो, वाक परत देतो, एक पाटा वाढवतो. टायर एक नंबर मोठे घ्या. कमान वाढवली तर नुसतं अंग वर जातं, टायरनं दांडापण वर जातो. दो इंच मिलेगा. पुरानी गाडी है, त्याहून जास्त तिला मागू नका."

"दोन इंच? चाचा, दोन इंचात काय होतंय!"

"सुई दोन इंचाचीच असते साहेब."

मी वही उघडली. आलेख दाखवले. चौथा मार्ग समजावला. चाचांकडे पोळपाट नव्हता, म्हणून हातोडा आणि त्यांचीच टोपी वापरली. चाचा शांतपणे ऐकत होते.

"होईल," ते म्हणाले. "पण स्टिअरिंगची दांडी बदलावी लागेल, ब्रेकचे पाईप लांब करावे लागतील, शाफ्टचा कोन बघावा लागेल. सब करूंगा. फक्त एक सांगा. गाडी में बैठेगा कौन?"

"चार माणसं आणि एक बाळ. सरासरी साठ किलो धरा. शिवाय नैवेद्य, नारळ, असे पंधरा किलो."

"वजन नाही विचारलं साहेब. बैठेगा कौन?"

"माणसंच बसणार ना चाचा! बकऱ्या थोड्याच बसणार!"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं, टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "ठीक है. आप का हुकूम."

पुढचे सहा रविवार मी तिथे स्टूल टाकून बसलो. प्रत्येक माप मी दोनदा घेतलं. चारही बाजूंची उंची दोराभरही कमीजास्त नाही! एक बोल्ट मी परत करायला लावला, त्याला लाल चिठ्ठीही बांधली. चाचांनी तो बोल्ट आदराने बाजूला ठेवला आणि डब्यातून अगदी तसाच दुसरा काढून लावला. निघताना मी म्हणालो, "जुन्या कड्या आणि सामान टाकून द्या आता." चाचा नुसतं "हां हां" म्हणाले.

जावळाच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, मी ती जीप गल्लीत आणली. काय दिसत होती! पोरं सायकली टाकून धावत आली. शेजारच्या देवरे काकू ओट्यावर भाजी निवडत होत्या. त्या सटाण्याच्या, आणि आश्चर्य वाटलं की त्यांच्या तोंडून तिकडची भाषा निघायची.

"अहो, हाई गाडी शे का मचाण?"

"पाच इंच, काकू!" मी वरून ओरडून सांगितलं.

आई पुरण वाटत होती. तिने खिडकीतून एकदा पाहिलं आणि म्हणाली, "छान झाली हो." त्या क्षणी मी तिला बाहेर बोलावून फक्त पाय वर टाक म्हटलं असतं, तरी पुढचं सगळं टळलं असतं. पण मी त्या वेळी देवरे काकांना शाफ्टचा कोन समजावत होतो.

सकाळी सहाला निघायचं होतं. सगळे बाहेर आलो. आईने नवं लुगडं नेसलं होतं, हातात नैवेद्याचा डबा. ती जीपच्या मागे आली, कारण मागे दोन्ही बाजूंना बाकं होती आणि ती नेहमी माझा हात धरून कशीबशी चढून तिथेच बसायची. तिने पाय उचलला. पाय जिथपर्यंत गेला आणि जीप जिथून सुरू होत होती, त्यामध्ये दीड फूट नाशिकची हवा होती.

आईने पाय खाली ठेवला. जीपकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"दिलीप, ही कुणासाठी उंच केलीस रे?"

"तुझ्यासाठीच, आई!" मी म्हणालो. (खरंच की!)

खुर्ची आणली. ती गल्लीतल्या उतारावर डगमगली आणि आईचा खुर्ची या प्रकारावरचाच विश्वास उडाला. पाट आणला, तो अगदीच ठेंगणा. मी तिला आतून ओढायचं म्हणालो, तर नंदा म्हणाली, "त्यांचे खांदे तरी राहू द्या." तेवढ्यात देवरे काकू धावल्या. त्यांनी आपल्या घरातली पाण्याचे हंडे ठेवायची घडवंची रिकामी केली आणि उचलून गल्लीत आणून ठेवली. जाड सागवानी, चांगली गुडघ्याच्या वर येईल एवढी. मग असा जिना तयार झाला: आधी पाट, पाटावरून घडवंची, घडवंचीवरून जीप. सुभाष मागून धरायला, मी वरून हात द्यायला. आई एकदाची आत जाऊन बसली आणि अख्ख्या गल्लीने टाळ्या वाजवल्या.

"चला चला, उशीर झाला!" मी पुढे जाऊन गाडी सुरू केली.

निघालो. मागे गल्लीच्या मधोमध पाट आणि घडवंची उभी. शेजारी काकू हात हलवत होत्या. मुक्तानेही आजीच्या मांडीवरून त्यांना टाटा केला. आम्ही सगळे त्या घडवंचीकडे पाहत पाहत निघालो, आणि एकाच्याही डोक्यात काही आलं नाही.

पेठ रोडला लागल्यावर जीपने आपला स्वभाव दाखवला. वळणावर ती आधी एकीकडे कलायची, मग विचार करून दुसरीकडे. नंदाने मुक्ताला आईकडून घेऊन पोटाशी धरलं आणि डोळे मिटले. आई मात्र खूश होती. "उंचावरून किती छान दिसतं रे! आत्ता एसटी गेली ना, तिच्यातल्या बाईच्या डब्यात वांग्याची भाजी होती."

शेवटी ती बैलगाडीची वाट आली. मी दांडी ओढली. पहिल्या गिअरमध्ये जीप चढू लागली. "सगळे घट्ट धरा! आता खडक येतोय!" मी ओरडलो. "डावीकडे बघा, पोट कसं अलगद वरून जातं ते! आता... आता..."

वाट सपाट होती. जीप कुठेही न टेकता, न हलता पुढे गेली. मी थांबलो, मागे वळून पाहिलं. खडक नव्हता. खडकाच्या जागी ताजी खडी आणि त्यावर मुरूम पसरलेला.

"सुभाष," मी म्हणालो.

सुभाष बाहेर बघत होता. "दाजी, रागावू नका. मागल्या सोमवारी ट्रॅक्टर घेऊन इकडं आलो व्हतो. म्हनलं, भाचीचं जावळ हाय, उगं इषय नको. दोन तासात फुटला."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी मूळ प्रश्न सोडवत व्हते ना."

नंदाने तोंडाला पदर लावला. मी जीप सरळ देवळापाशी नेली.

देऊळ लहानसं. चांगला उंच दगडी ओटा, त्याला फूटभर उंचीच्या तीन पायऱ्या आणि वर गाभारा. गुरव आणि न्हावी वाट बघतच होते. सुभाष उडी मारून उतरला, नंदा मुक्ताला त्याच्याकडे देऊन सरपटत उतरली. आई मागच्या टोकाशी आली, पाय खाली सोडला, आणि तो पाय तिथेच लोंबत राहिला.

"घडवंची?" आई म्हणाली.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. घडवंची सिडकोत होती.

"आई, मी उचलून घेतो," सुभाष पुढे झाला. "वीस वीस किलोच्या क्रेटा उचलतो रोज."

"मी क्रेट नाही. आणि जावळ नातीचं आहे, माझं नाही. मला काखेत घेऊन कुणी मिरवायचं नाही."

"मग थोडी दगडं रचू," मी म्हणालो.

"तू आता काही रचू नकोस!"

हे आई एवढ्या जोरात म्हणाली की गुरवाने घंटेवरचा हात काढून घेतला. मग ती बाकावर जाऊन बसली. नैवेद्याचा डबा मांडीवर घट्ट धरला. हळू आवाजात म्हणाली, "काढा तुम्ही जावळ. मी हात जोडते इथूनच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा रविवार, अख्खी वही, आणि मी तिला आणलं कुठे, तर पुन्हा जीपमध्येच! मागच्या वेळी निदान ती दोन किलोमीटर लांब होती. आता वीस पावलांवर देवी, आणि माझ्यामुळे तिला उतरता येत नव्हतं. मला सरळ रडू येत होतं, आणि ते दिसू नये म्हणून मी चाकात काहीतरी तपासायला वाकलो.

गुरव म्हातारा होता. तो जीपच्या भोवती एक चक्कर मारून आला. एकदा ओट्याकडे पाहिलं, एकदा जीपच्या मागच्या फळीकडे.

"साहेब," तो म्हणाला, "गाडी मागं घ्या जरा."

"कुठे?"

"देवीकडं."

मी बसलो. गाडी मागे घेऊ लागलो. सुभाष ओट्याशी उभा राहून हात करत होता. "येऊ द्या... येऊ द्या... येऊ द्या... डावीकडं कापा... येऊ द्या... बास!"

मी उतरून मागे गेलो. जीपची फळी आणि देवळाचा ओटा एका पातळीत होते. मध्ये दोन बोटांची फट. आई उठली, लुगडं सावरलं, आणि घरातल्या घरात उंबरा ओलांडावा तशी जीपमधून ओट्यावर गेली. त्या तीन पायऱ्या तिला एरवी कधी चढता आल्या नसत्या, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. नुसता खडक फोडून जुन्याच उंचीच्या जीपने आलो असतो, तरी ती पायऱ्यांपाशी अडली असती. त्या पायऱ्या माझ्या वहीत नव्हत्याच.

मुक्ता मामाच्या मांडीवर बसली आणि न्हाव्याने वस्तरा काढताच तिने डोंगर डोक्यावर घेतला. आईने पदर पसरला. ते मऊ, काळे केस एकेक करून पदरात पडत होते आणि आईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "झाली गं माझी बाय, झाली," असं ती मुक्ताला म्हणत होती की स्वतःला, कोण जाणे. पण तपासनीस हा शेवटी तपासनीस असतो. मी घसा खाकरला.

"पस्तीस इंच," मी म्हणालो. "ओट्याला अगदी बरोब्बर. मोजूनच केलं होतं मी."

"कधी मोजलंस?" आईने पदरातून मान वर न करता विचारलं.

मी लगबगीने नारळ फोडायला गेलो.

परत जाताना आई पुन्हा ओट्यावरून थेट जीपमध्ये आली. मी रस्ताभर शीळ घालत होतो. गल्लीत शिरलो, तेव्हा घडवंची जागेवर नव्हती. देवरे काकूंचं दार बंद, कुलूप. त्या संध्याकाळी भाजी आणायला गेल्या होत्या आणि घडवंची घरात. आमच्या खुर्चीला आई हात लावायला तयार नव्हती. शेवटी ती बाकावर निवांत बसली आणि म्हणाली, "येऊ दे त्यांना. मला घाई नाही." पुढचा तासभर अख्खी गल्ली येऊन जीपखाली हात पसरत होती आणि आई वरून प्रसाद वाटत होती. प्रत्येकाला ती खडकाची गोष्ट पहिल्यापासून सांगत होती. मी घरात जाऊन चहा टाकला.

पुढच्या रविवारी मी रशीदचाचांकडे गेलो. काही बोलायच्या आत चाचांनी कोपऱ्यातलं एक पोतं ओढून पुढे ठेवलं. आत माझ्या सगळ्या जुन्या कड्या, बोल्ट, पाईप. तेल लावून ठेवलेले.

"चाचा, मी टाकून द्या म्हणालो होतो ना?"

"आप बोले थे," चाचा म्हणाले. "अम्मा को लेके आओ."

मी रिक्षाने आईला घेऊन आलो. चाचांनी तिला चहा दिला. मग तिच्यापुढे एक वीट ठेवली. "अम्मा, पाय ठेवा." आईने ठेवला. दुसरी वीट वर ठेवली. ठेवला. तिसरी ठेवली. आईने पाय ठेवला खरा, पण चाचांच्या खांद्याला धरून. चाचांनी तिसरी वीट काढून घेतली, दोन विटांची उंची हाताच्या वितीने मापली आणि ती वीत तशीच धरून जीपपाशी गेले.

"इथे पहिली पायरी येईल. बाकी सगळं अम्माच्या या मापावरून ठरेल."

कमान पुन्हा दांड्याखाली गेली. पाटे भट्टीत गेले, एक पाटा वाढला, टायर एक नंबर मोठे आले, आणि मागे दोन-दोन विटांच्या अंतराने पायऱ्या जोडल्या. जीप पूर्वीपेक्षा बरोबर दोन इंच उंच झाली. मी पहिल्याच दिवशी ऐकलं असतं, तर हे एका रविवारात झालं असतं. आई त्या पायऱ्यांवरून एकटी, कुणाचाही हात न धरता, चढली आणि उतरली. मग उगाच पुन्हा एकदा चढली.

सोमवारी कारखान्यात गेलो. दुपारी सगळ्यांबरोबर जेवायला बसलो आणि पिशवीतून डबा काढला, तर डब्याच्या कडीला दोऱ्याने एक लाल चिठ्ठी बांधलेली. शेजारच्याने ती माझ्याआधी वाचली आणि मग टेबलावरच्या सगळ्यांनी.

भागाचे नाव: दिलीप. दोष: माप बरोबर, माणूस राहिला. तपासनिसाची सही आईची, नीट, गोल गोल अक्षरात. शेऱ्यात तिने 'दुरुस्तीयोग्य'वर खूण केली होती, आणि त्या खुणेशेजारी नंदाने पेन्सिलीने एक लहानसं प्रश्नचिन्ह काढलं होतं.